पुलाअलीकडचं पासिंग

वॉशिंग्टन शहराला वळसा घालून जाणारा ६४ मैलांचा एक गोल रस्ता आहे. नकाशावर त्याचा आकडा ४९५, बोलण्यात ‘बेल्टवे’. त्यातले साधारण २२ मैल व्हर्जिनिया राज्यात, उरलेले जवळजवळ सगळे मेरीलँडमध्ये, आणि दक्षिणेला वुड्रो विल्सन पुलावरचा पाव मैलाहूनही लहान तुकडा खुद्द वॉशिंग्टन डी.सी.च्या हद्दीत. तोही पाण्यावर अधांतरी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला या रस्त्यावर तिन्हीकडच्या गाड्या नाकाला शेपूट लावून उभ्या असतात. त्यांतल्या एकीची दर वर्षी चाकं उतरवून तपासणी झालेली असते. दुसरीच्या चाकांकडे विकत घेतल्या दिवसापासून सरकारनं ढुंकूनही पाहिलेलं नसतं. तिसरीच्या ब्रेकची चौकशी करणं तिच्या सरकारनं २००९ सालीच सोडून दिलं आहे. पुढचा थांबला की तिघींनी एकाच वेळी थांबावं, एवढीच काय ती अपेक्षा.

आम्ही व्हर्जिनियावाले. म्हणजे दरवर्षीवाले. इथं ही तपासणी १९३२ पासून चालू आहे. देखरेख राज्य पोलिसांची, पण प्रत्यक्ष काम करतो तो कोपऱ्यावरचा परवानाधारक गॅरेजवाला. फी २० डॉलर, आणि त्यापेक्षा जास्त घ्यायची त्याला कायद्यानं बंदी. गाडी पास झाली की काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष छापलेला स्टिकर लागतो. नापास झाली तर नापासाचाही स्टिकर लागतो. तो मिरवत १५ दिवस गावभर हिंडायची मुभा आहे. तेवढ्यात दुरुस्ती करून त्याच गॅरेजात आणली तर फेरतपासणीचा एक डॉलर. शेजारी तो स्टिकर बघतात, पण काही बोलत नाहीत. अमेरिकेतलं हे एक मोठं सुख आहे.

तपासणीत दिवे बघतात, वायपर बघतात, सुकाणू, काच, सीटबेल्ट, टायर, ब्रेक बघतात. आणि हॉर्न वाजवून बघतात. या देशात हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यासारखं समजलं जात असल्यामुळे आमच्या गाडीचा हॉर्न वर्षातून एकदाच वाजतो, तोही तपासनिसाच्या हातून. दर वर्षी तो आवाज ऐकून मला जरा भरूनच येतं. आपल्या गाडीला आवाज आहे हे विसरायलाच झालेलं असतं.

मागल्या उन्हाळ्यात अप्पा आले होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते अजूनही जेवता जेवता थबकतात आणि “बेअरिंग गेलंय” असं जाहीर करून पुढचा घास घेतात. त्यांना अमेरिकेतलं दाखवण्यासारखं सगळं आम्ही दाखवलं होतं. लिंकनचा पुतळा झाला, अवकाशयानांचं म्युझियम झालं. अप्पा सगळीकडे शांतपणे फिरले आणि घरी येऊन पेपर वाचत बसले. मग आमच्या गाडीच्या स्टिकरचा महिना भरत आला, आणि मी सहज म्हणाले, “अप्पा, गाडी तपासायला न्यायचीय. कंटाळा येईल तुम्हाला.”

“म्हणजे पासिंगला?” अप्पांनी पेपर खाली ठेवला. “इथं खासगी गाडीलाही पासिंग असतं? थांब, शर्ट बदलून येतो.”

लिंकनला भेटायला जाताना त्यांनी शर्ट बदलला नव्हता.

गॅरेजात गिऱ्हाइकानं पिवळ्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम असतो. विम्याचं कारण सांगतात. आतल्या गार खोलीत बसा, फुकटची कडू कॉफी प्या, बारमाही चालू असलेला टीव्ही बघा, अशी व्यवस्था. अप्पांनी कॉफी नाकारली आणि ते पिवळ्या रेषेवर, चपलेची टोकं बरोबर रेषेला टेकवून, हात मागे बांधून उभे राहिले. आमचा मेकॅनिक एल साल्वादोरचा. या भागात त्या देशातून आलेली माणसं भरपूर आहेत. त्याला इंग्रजी बेताचं, अप्पांना इंग्रजी कार्यशाळेच्या कागदांपुरतं. त्यानं गाडी वर उचलली, पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवलं आणि मान वाकडी करून कान दिला. अप्पांनीही रेषेवरून तशीच मान वाकडी केली. “बॉल जॉइंट,” अप्पा म्हणाले. “बॉल जॉइंट,” तो म्हणाला, आणि अंगठा वर केला. त्यानंतर त्या दोघांची जी बोलणी सुरू झाली त्यात टाय रॉड, ब्रेक डिस्क, लायनर, शॉक ॲब्सॉर्बर एवढेच शब्द होते. मधली सगळी क्रियापदं हातवाऱ्यांची. तेवढ्यावर दोघांनी आमच्या गाडीचा आणि बहुधा आमच्या गाडी चालवण्याचाही पूर्ण पंचनामा केला. शेवटी त्यानं स्वतःच अप्पांना खुणेनं रेषेच्या आत बोलावून घेतलं.

तो टायर कसा बघतो हे अप्पांना बघायचं होतं. त्यानं एक यंत्र खाचेत घालून आकडा वाचला. पण गिऱ्हाइकाला पटवायचं असेल तर काय करतात तेही दाखवलं. खिशातून एक सेंटचं तांब्याच्या रंगाचं नाणं, म्हणजे पेनी, काढली आणि लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत उभी खुपसली. लिंकनचं डोकं थोडं तरी खाचेत बुडालं तर टायर बरा. कपाळापासून केसापर्यंत सगळे लिंकन दिसले तर टायर बाद. एक इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यांतले दोन तरी खाचेची खोली उरलेली हवी, असा त्यामागचा हिशेब आहे. आपल्या मापात दीड मिलिमीटरहून किंचित जास्त. अप्पांनी ते नाणं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि खिशात टाकलं. मेकॅनिकनं ते आनंदानं देऊन टाकलं. लिंकनची खरी ओळख त्यांना अशी त्या दिवशी पटली.

गाडी पास झाली. फक्त आरशाला टांगलेली तुळशीची माळ मेकॅनिकनं अलगद काढून शेजारच्या सीटवर ठेवली होती. नजरेच्या आड येणारी वस्तू तिथं लोंबकळती चालत नाही. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मात्र पास झाला.

त्या शनिवारी आम्ही जर्मनटाऊनला माझ्या मावसबहिणीकडे जेवायला गेलो. जर्मनटाऊन मेरीलँडमध्ये. मधे पोटोमॅक नदी. या नदीचीही एक गंमत आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजानं १६३२ साली लॉर्ड बाल्टिमोरला जी सनद दिली, तिच्यात पोटोमॅक पार पलीकडच्या, म्हणजे आमच्या काठापर्यंत मेरीलँडला देऊन टाकली. अर्धी तुझी, अर्धी माझी असा आपल्या मनातला सरळ हिशेब तिथं नाही. आमच्या बाजूच्या लोकांनी नदीतून पाणी काढायचं म्हटलं तरी परवानगीवरून भांडण जुंपलं, आणि ते २००३ साली थेट सुप्रीम कोर्टात सुटलं, आमच्या बाजूनं. कृष्णेच्या पाण्याचे लवाद ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटतं. सांगायचा मुद्दा असा, की अमेरिकन लीजन पुलावर आपली गाडी चढली की पाण्याच्या सुरुवातीलाच मेरीलँड सुरू होतं. म्हणजे पासिंगचा कायदा पुलाच्या मध्यावर नाही, अलीकडच्या काठावरच बदलतो.

बहिणीची गाडी दारात उभी होती. अप्पांनी चपला काढायच्या आधी तिच्या काचेचे चारी कोपरे बघून घेतले. “स्टिकर कुठंय?”

“आमच्याकडे नसतो, काका,” भाऊजी म्हणाले. “मेरीलँडमध्ये गाडी विकताना तपासतात. जुनी गाडी घेतली की परवानाधारक गॅरेजातून सर्टिफिकेट आणायचं, त्याशिवाय तुमच्या नावावर होत नाही. आणि ती तपासणी कडक असते बरं का, भलभल्यांच्या गाड्या नापास होतात. पण एकदा नावावर झाली की झालं.”

“मग पुढं?”

“पुढं काही नाही. जोवर विकत नाही तोवर.”

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वरण-भातावर तूप घेता घेता म्हणाले, “लग्नाआधी पत्रिका बघतात, तशातलं आहे हे. त्यानंतर तीस वर्षं कोण बघतंय?” यावर मावसबहिणीनं भाऊजींकडे जो कटाक्ष टाकला, तो व्हर्जिनियाच्या कुठल्याही तपासनिसाला जमला नसता.

जेवायला नणंदेचा मुलगाही आला होता. तो डी.सी.त राहतो, नोकरी करतो आणि एक जुनी कोरोला बाळगून आहे. त्याच्या पाटीवर छापलेलं आहे की प्रतिनिधित्व नसताना आमच्याकडून कर घेतात. डी.सी.ला संसदेत मतदानाचा हक्क असलेला खासदार नाही, ही त्या शहराची जुनी तक्रार, आणि ती २००० सालापासून गाड्यांच्या पाट्यांवरच लिहितात. आजोबांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “आजोबा, आमच्याकडे ब्रेकबिक कुणी बघत नाही. दोन वर्षांनी धूर तेवढा बघतात.”

“म्हणजे गाडी आदळली तरी हरकत नाही,” अप्पा म्हणाले, “धूर स्वच्छ यायला पाहिजे.”

सगळे हसले, पण यामागं कारण आहे. हवा कुठल्या राज्याची याला काही अर्थ नसतो, म्हणून धुराच्या तपासणीसाठी केंद्र सरकारचा कायदा आहे. हवा खराब असलेल्या भागांना ती टाळता येत नाही. मेरीलँडमध्येही आहे, आमच्या उत्तर व्हर्जिनियातही आहे. ब्रेकचं तसं नाही. एके काळी होतं. १९६६ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी हायवे सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि राज्यांनी गाड्या तपासायला हव्यात, नाहीतर रस्त्यांच्या निधीला कात्री लागेल, असा बडगा त्यातून तयार झाला. पुढच्या आठ-दहा वर्षांत तपासणी असलेली राज्यं तिसेक झाली. १९७६ साली संसदेनं तो बडगा काढून घेतला आणि राज्यं एकेक करून सुटायला लागली. फ्लोरिडा १९८१ मध्ये सुटलं. डी.सी. २००९ मध्ये, न्यू जर्सी त्याच्या पुढच्या वर्षी. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं २०१५ साली मोजदाद केली तेव्हा १६ राज्यं उरली होती. त्यानंतर युटा गेलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून टेक्सास.

टेक्सासची गोष्ट मी अप्पांना मुद्दाम सांगितली. तिथं खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द झाली, पण तपासणीच्या वेळी सरकारला जे साडेसात डॉलर मिळायचे ते रद्द झाले नाहीत. ते आता नोंदणीच्या वेळी घेतात, आणि त्या फीचं नावच ‘तपासणीच्या जागी आलेली फी’ असं आहे. हे ऐकून अप्पांना परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच मायदेशी असल्यासारखं वाटलं असावं. “तपासणी गेली, फी राहिली!” असं ते घरी येईपर्यंत चार वेळा म्हणाले.

आता खरा प्रश्न. दर वर्षी बघून काही उपयोग होतो का? भाऊजी आकडेवारीचे माणूस. त्यांनी लगेच फोन काढला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं २००५ ते २००७ या काळातल्या हजारो अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. शेवटचं निर्णायक कारण म्हणून गाडीतला दोष सापडला तो सुमारे २ टक्के अपघातांत. चालकाच्या माथी ९४ टक्के. न्यू जर्सीनं तपासणी बंद केल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी तिथले अपघात तपासले, तर त्यात लक्षात येण्याजोगी वाढ दिसली नाही. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं: गाडी नाही, माणूस तपासायला हवा, आणि त्याला स्टिकर लावायला जागा नाही.

मी व्हर्जिनियाची बाजू घेतली, कारण २० डॉलर मी भरलेले होते. त्या अभ्यासातली एक गोष्ट भाऊजी वाचायचे राहून गेले होते. गाडीच्या दोषांमुळे घडलेल्या अपघातांत पहिला नंबर टायरचा होता, दुसरा ब्रेकचा. म्हणजे बरोबर त्याच दोन गोष्टी, ज्या चाक काढल्याशिवाय आणि वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय अपघातानंतर रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला फुटलेला टायर दिसतो, झिजलेला लायनर सहसा दिसत नाही. पेनसिल्व्हेनियात दर वर्षी तपासणी असते. तिथं लोक म्हणायचे की नापास होतातच किती, जेमतेम दोन टक्के, मग कशाला हवा हा उपद्व्याप? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष नोंदी चाळल्या तर प्रमाण १२ ते १८ टक्क्यांच्या घरात निघालं. शंभरातल्या बारा-पंधरा गाड्यांना कुणीतरी दर वर्षी ‘थांब’ म्हणतं, ही काही फेकून देण्यासारखी गोष्ट नाही.

यावर भाऊजींनी ठेवणीतला प्रश्न काढला: जो तपासतो तोच दुरुस्त करतो, मग तो खोटंच नापास का करणार नाही? हा प्रश्न खरा आहे. वायपरच्या बाबतीत मला स्वतःलाच संशय आहे. माझ्या वायपरना दर वर्षी अचूक तपासणीच्याच दिवशी म्हातारपण येतं. व्हर्जिनियाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी २०१९ च्या अखेरीस ही तपासणी बंद करायचा प्रस्ताव मांडला होता. गॅरेजवाल्यांनी कडाडून विरोध केला, विधिमंडळानं साथ दिली नाही, आणि तपासणी राहिली. गॅरेजवाल्यांचा कळवळा किती सुरक्षेचा आणि किती वायपरचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

अप्पा मधे पडले ते वेगळ्याच बाजूनं. त्यांनी आपल्याकडचं सांगितलं. आपल्याकडे रिक्षा, टेम्पो, ट्रक, बस यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खासगी मोटारीला मात्र नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं चिंता नाही. त्यानंतर दर पाच वर्षांनी. “म्हणजे बघा,” अप्पा म्हणाले, “भाड्यानं बसणाऱ्याचा जीव दर वर्षी तपासायचा, घरच्या माणसांचा पंधरा वर्षांनी.” पुण्यात हे पासिंग आता दिवे घाटाच्या वरच्या अंगाला होतं. ब्रेक बघायला अडीचशे मीटरचा ट्रॅक हवा, असं हायकोर्टानं बजावल्यावर गाड्या तिकडे जायला लागल्या. त्याआधी इन्स्पेक्टर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून सही करायचा, असे दिवस अप्पांनी पाहिले आहेत. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जुने गोटे बसवायचे, हा ट्रकवाल्यांचा उद्योगही त्यांना तोंडपाठ. “कागद पास होतो,” ते म्हणाले, “गाडी पास व्हायला कार्यशाळा लागते.” दापोडी त्यांच्या मनातून जात नाही.

वयाच्या अटीवर तर त्यांचा फारच राग. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा मुंबईतला प्रवास संपला. दिल्लीत दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल यांवर कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. आणि तिकडे ब्रिटनमध्ये? मी सांगितलं. तिथं ‘एमओटी’ नावाची वार्षिक तपासणी १९६० पासून आहे. सुरुवातीला दहा वर्षांवरच्या गाड्यांनाच होती. पण इतक्या नापास झाल्या की वर्षभरातच मर्यादा सातवर आली आणि १९६७ साली तीनवर. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र चार वर्षं. आणि २०१८ पासून जी गाडी चाळीस वर्षांहून जुनी आहे, मोडतोड करून बदललेली नाही, तिला ही तपासणी सक्तीची नाही! इतक्या म्हाताऱ्या गाडीला मालक पोटच्या पोरासारखा जपत असणार, असा सरकारचा समज. अप्पा खुर्चीत ताठ झाले. “हे बरोबर आहे. वय नाही बघायचं, हाड बघायचं.” ते हे गाड्यांविषयी म्हणाले की स्वतःविषयी, ते आम्ही विचारलं नाही. त्यांची वैद्यकीय तपासणी त्याच महिन्यात टळली होती.

परतताना मी गाडी चालवत होते, अप्पा पुढं बसले होते. पुलाकडे जाताना उजवीकडच्या लेनमधून एक गाडी सपकन पुढं गेली. अप्पांनी मान वळवून तिच्या मागच्या चाकाकडे बघितलं. “गोटा,” ते म्हणाले. टायरवर खाच उरली नाही की तो गोटा. पाटी मेरीलँडची होती. आमच्या राज्यात आली तरी तिला कुणी अडवणार नव्हतं. परराज्यातल्या गाडीला आमचा स्टिकर लागत नाही. म्हणजे मी २० डॉलर भरून सिद्ध केलेले ब्रेक त्या गाडीच्या मागं होते, आणि तिचे न तपासलेले ब्रेक दुसऱ्या कुणाच्या तरी मागं. आपण आपल्या गाडीची तपासणी करतो ती खरं म्हणजे पुढच्या गाडीतल्या माणसासाठी, आणि आपली सुरक्षा मात्र मागून येणाऱ्याच्या राज्यावर अवलंबून. हे मी मोठ्यानं बोलले तेव्हा अप्पा म्हणाले, “मग मागच्यापासून अंतर वाढव.” मी वाढवलं.

पुष्कळ विचार केला तरी या नियमांमागचं शास्त्र मला सापडलेलं नाही. मला सापडला तो प्रत्येक सरकारचा स्वभाव. व्हर्जिनियाचा आपल्या नागरिकावर विश्वास नाही, आणि ते हे दर वर्षी तोंडावर सांगतं. मेरीलँडचा विकणाऱ्यावर विश्वास नाही, चालवणाऱ्यावर पूर्ण आहे. डी.सी.नं जमाखर्च मांडला आणि विश्वास ठेवणं स्वस्त पडतं म्हणून ठेवला. टेक्सासनं विश्वासही ठेवला आणि पैसेही ठेवले. यांतला कुठला स्वभाव बरा, असं विचाराल तर मी व्हर्जिनियाच्या बाजूनं आहे. अपघात कमी होतात हे छातीठोकपणे कुणी सिद्ध केलेलं नाही, हे माहीत असूनही. कारण मी स्वतः माझ्या टायरकडे वाकून कधी बघणार नाही, हे मला माहीत आहे, आणि बेल्टवेवर माझ्या आजूबाजूला जे हजारो लोक असतात तेही बघणार नाहीत. कुणीतरी बघायला हवं. २० डॉलरमध्ये एक माणूस वर्षातून एकदा बघतो, यापेक्षा स्वस्त काळजी मला या देशात दुसरी आढळलेली नाही.

व्हर्जिनियात नव्यानं राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना म्हणून एवढंच सांगणं. स्टिकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतो, त्यामुळे तीस तारखेला अख्खा गाव गॅरेजच्या दारात असतो. तुम्ही दहा-बारा तारखेला, आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी जा. वायपर आधीच दुकानातून आणून घरी बदला, गॅरेजात ते महाग पडतात. आरशाला काही टांगलेलं असेल तर काढून ठेवा. आणि मेरीलँडमध्ये किंवा डी.सी.त राहत असाल तर तुम्हाला कुणी बोलावणार नाही, तेव्हा एक पेनी घेऊन स्वतःच चारी टायरपाशी जाऊन या. सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी पेनी पाडणं बंद केलं आहे. जुनी घरात असेल तर खर्च करू नका, गाडीत ठेवा.